विचारलंच नाही तर?

"माझ्या पासपोर्टवर दहा वर्षांचा टुरिस्ट व्हिसा आहे. ऑफिसच्या कामासाठी काढलेला, अजून चालू आहे. त्यावर गेले, तिथंच राहिले आणि तिथूनच ग्रीन कार्डाचा अर्ज केला, तर त्यात वाईट काय आहे, मावशी?"

भाचीनं हे विचारलं तेव्हा आम्ही तिच्या जन्मदाखल्याचं काम घेऊन बसलो होतो. तिचं लग्न साताऱ्यात झालं. नवरा न्यू जर्सीत जन्मलेला, म्हणजे जन्मानंच अमेरिकन नागरिक. त्यानं तिच्यासाठी आय-१३० हा अर्ज भरला त्याला वर्ष उलटून गेलं. तो मंजूर झाला की फाइल नॅशनल व्हिसा सेंटरकडे जाते. मग डीएस-२६० हा व्हिसाचा अर्ज, नवऱ्याचं उत्पन्नाचं हमीपत्र, पोलीस क्लिअरन्स, त्यांनी नेमून दिलेल्या डॉक्टरांकडची तपासणी आणि शेवटी मुंबईत, बीकेसीच्या कॉन्सुलेटमध्ये मुलाखत.

मी नगरपालिकेत जन्म-मृत्यू आणि विवाह नोंदणीच्या टेबलावर नोकरी केली, त्यामुळे घरातले कागद फिरून फिरून माझ्याकडे येतात. तिच्या जन्माच्या नोंदीत नावाचा रकाना कोरा होता. जन्मतारीख, लिंग स्त्री, वडिलांचं नाव, आईचं नाव, पत्ता, सगळं नीट. बाळाच्या नावापुढे फक्त एक आडवी रेघ. त्या काळी दवाखान्यातून नोंद परस्पर पालिकेत यायची, बारसं नंतर व्हायचं, आणि ठेवलेलं नाव कळवायला बरेच जण पुन्हा यायचेच नाहीत. शाळेच्या दाखल्यावर आणि पासपोर्टवर तिच्या नावामागे वडिलांचं नाव, आधारवर नवऱ्याचं. ही सगळी एकच बाई आहे, असं प्रतिज्ञापत्र करायचं होतं.

"वाईट काय ते नंतर बघू," मी म्हटलं. "आधी सांग, विमानतळावरच्या अधिकाऱ्यानं विचारलं, कशासाठी आलात, तर काय सांगशील?"

"नवऱ्याला भेटायला. खरंच आहे की ते."

"आणि किती दिवसांसाठी, असं विचारलं तर?"

ती जरा थांबली. "विचारलंच नाही तर?"

ती अभ्यास करून आली होती. सासरच्या ओळखीतल्या तिघीचौघी अशाच गेल्या, कुणाचंही काही अडलं नाही. तिथल्या इमिग्रेशन अपील मंडळाचा १९८० सालचा एक निर्णयही तिनं वाचला होता: अर्जदार नागरिकाचा जोडीदार असेल आणि बाकी काही वावगं नसेल, तर येतानाच राहायचा विचार मनात होता एवढ्यावरून अर्ज फेटाळू नये. बोलून खोटं सांगितलं तर मात्र गोष्ट वेगळी. खोटं सांगून प्रवेश मिळवला असं ठरलं तर बंदी जन्मभराची, आणि माफी हवी असेल तर नागरिक जोडीदाराचे अतोनात हाल होतील हे सिद्ध करावं लागतं.

"म्हणजे बघ," ती म्हणाली, "मनातलं त्यांनीच माफ केलंय. मी तोंड उघडलं नाही की झालं. आता तू 'नरो वा कुंजरो वा' काढशील. पण धर्मराजाला ते बोलायला लावणारा कृष्णच होता, हेही लक्षात ठेव."

"मी नाही काढणार. द्रोणांनी त्याला सरळ विचारलं होतं. तुझी अडचण वेगळी आहे, तुला कुणी विचारणारच नाही, असं तू धरून चालली आहेस. गप्प राहणं म्हणजे खोटं बोलणं, असं मी मानत नाही. शेजारणीनं पगार विचारला आणि मी गप्प बसले तर मी तिला फसवलं असं होत नाही, कारण तो जाणून घ्यायचा तिला हक्क नाही. पण हा व्हिसा तुला मिळाला कसा?"

"मुलाखत देऊन."

"त्यांचा कायदा काय म्हणतो? समोर आलेला प्रत्येक जण कायमचं राहायलाच आलाय, असं आधी धरायचं, आणि तसं नाही हे त्यानं पटवून द्यायचं. तू पटवून दिलंस. मी परत येईन, म्हणालीस. त्या शब्दावर तो स्टिकर चिकटवलाय. उद्या तू काउंटरवर गप्प उभी राहिलीस तरी पासपोर्टातला तो शब्द बोलतच असणार."

"तेव्हा ते खरं होतं. तेव्हा माझं लग्न झालं नव्हतं."

"हो, खरं होतं. परिस्थिती बदलली हे त्यांना कळू न देता तोच शब्द पुन्हा वापरायचा, एवढंच मला खटकतं."

ती चिडली. चिडायला तिच्याकडे कारण होतं आणि मी ते कारण कमी लेखत नाही. लग्नाची पहिली वर्षं फोनच्या स्क्रीनवर जाणं हे काही किरकोळ दुःख नव्हे. अर्जाची स्थिती रोज उघडून बघायची, रोज तेच वाक्य. घर कुठलं, नोकरी कुठली, मूल कधी, कशाचंच उत्तर देता येत नाही, आणि भेटेल तो विचारतो, 'अजून इथंच?'

"तू त्यांच्या हक्काचं बोलतेस," ती म्हणाली. "माझ्या हक्काचं काय? २०२४ च्या जूनमध्ये त्यांच्या सुप्रीम कोर्टानं मुन्योझ खटल्यात काय म्हटलं माहितीये? बायको अमेरिकन नागरिक, नवरा एल साल्वाडोरचा. त्याचा व्हिसा नाकारला, नीट कारणही कितीतरी दिवस दिलं नाही. कोर्ट सहा विरुद्ध तीन मतांनी म्हणालं की परदेशी जोडीदाराला देशात येऊ द्यावं, असा कोणताही मूलभूत हक्क नागरिकाला नाही. लग्न करायचा हक्क आहे, एकत्र राहायचा नाही! आणि हे आजचं नाही. १९२२ मध्ये त्यांचा कायदा असा होता की नागरिक होऊ न शकणाऱ्या परक्याशी अमेरिकन बाईनं लग्न केलं तर तिचंच नागरिकत्व जायचं. पुढच्याच वर्षी त्यांच्या कोर्टानं ठरवलं की हिंदुस्थानी माणूस तसाच परका. ब्रिटनमध्ये तर १९९७ पर्यंत दाखवून द्यावं लागायचं की लग्नाचा मुख्य हेतू ब्रिटनला यायचा नाही म्हणून. ठरवून केलेल्या लग्नात असं कसं दाखवायचं? दोघांचं कुठं राहायचं हे तर बैठकीतच ठरतं आपल्याकडे. ज्या कायद्याला माझ्या लग्नाची किंमत नाही, त्याच्याशी मी खरं का वागायचं?"

मुन्योझचा निकाल मलाही पटत नाही. नागरिकाला 'लग्न कर, पण संसार दुसऱ्या देशात कर' असं सांगणं म्हणजे लग्न अर्धंच मानणं आहे. तिला मी तसं सांगितलंही.

"पण म्हणून काय करायचं?" मी विचारलं. "१९१३ साली दक्षिण आफ्रिकेत न्यायमूर्ती सर्ल यांनी निकाल दिला होता. हसन इसप नावाच्या माणसाची बायको, बाई मरियम. लग्न एकाहून जास्त बायका मान्य करणाऱ्या धर्माच्या रीतीनं झालं म्हणून ते तिथं लग्नच धरलं नाही आणि तिला देशात येऊ दिलं नाही. एका फटक्यात तिथल्या बहुतेक हिंदी बायका कायद्याच्या लेखी कुणाच्याच बायका राहिल्या नाहीत. कस्तुरबा त्यावरून उठल्या. परवाना न घेता ट्रान्सवालची हद्द ओलांडली, सक्तमजुरीची शिक्षा भोगली, आणि १९१४ च्या कायद्यानं ती लग्नं मान्य करून घेतली. नियम त्यांनीही मोडला, पण उघड. पकडा म्हणून मोडला. तू मोडशील तो पकडलं जाऊ नये म्हणून."

"मावशी, मला सत्याग्रह नाही करायचाय. मला संसार करायचाय. कस्तुरबांच्या मागे अख्खा समाज उभा होता. मी विमानतळावर उभी राहून 'मी कायमची राहायला आलेय' म्हटलं तर पुढच्या विमानानं परत पाठवतील, आणि पेपरात चार ओळीसुद्धा येणार नाहीत. साध्या बाईनं साधं घर मांडायला हुतात्मा व्हायचं का?"

हे मला खोडता आलं नाही. अन्याय सहन करणारीवरच त्याच्याशी लढायचीही जबाबदारी टाकायची, हे न्यायाचं नाही. आणि जी लढत नाही तिनं निदान निमूट तरी राहावं, असं म्हणणं तर त्याहून वाईट.

व्यवहाराच्या दोन गोष्टी मी तिच्या कानावर घातल्या. तिथं अर्ज टाकला की तो चालू असेपर्यंत आगाऊ परवानगी न घेता देश सोडला, तर अर्ज सोडून दिला असं धरतात. तिच्या वडिलांची बायपास झालेली आहे, केव्हाही धावत यावं लागेल. दुसरं, नोकरीचा परवाना येईपर्यंत घरात बसावं लागेल. ती म्हणाली, "ही भीती झाली. मी चूक-बरोबर विचारतेय." तिचं म्हणणं रास्त होतं.

मग मी माझ्या टेबलावरचं सांगितलं. विवाह नोंदणीला जोडपं यायचं. बरोबर तीन साक्षीदार, लग्नपत्रिका, मंगलाष्टकांचा फोटो, भटजींची सही. मी सगळं ताडून बघायची, सही-शिक्का द्यायची. या दोघांना एकमेकांबरोबर राहायचंय का, हे मला कधीच कळलं नाही आणि कळायची सोयही नव्हती. समोर उभं राहून त्यांनी जे सांगितलं तेवढ्याचाच तो दाखला. "अमेरिकेचा अधिकारी माझ्याहून जास्त कागद मागतो," मी म्हटलं. "फोटो, चॅट, जॉइंट खातं, फोनची बिलं. दोन वर्षांच्या आतलं लग्न असेल तर पहिलं कार्डही दोन वर्षांचंच देतो आणि पुन्हा दोघांना मिळून अर्ज करायला लावतो. १९८६ पासून असंच आहे. तरीही मनातलं त्याला दिसत नाहीच. तुझ्या फाइलमधलं बाकी सगळं दुसऱ्यांनी दिलेलं आहे: पालिकेनं, पोलिसांनी, बँकेनं, डॉक्टरनं. तुझा हेतू काय, हे एकटी तूच सांगू शकतेस. तेवढं एकच तुझं स्वतःचं आहे, आणि तेच तू आधी देऊन टाकायला निघालीस, याचं मला वाईट वाटतं. त्यांच्यासाठी नाही, तुझ्यासाठी."

"मग बसायचं वाट बघत?"

"एक विचारू? तो का येत नाही इकडे?"

ती माझ्याकडे बघत राहिली.

"त्याच्याकडे ओसीआय कार्ड आहे ना? तो इथं राहू शकतो, नोकरी करू शकतो. कुणाला काही पटवून द्यायला नको."

"तसं नाही होत गं. त्याच्या हमीपत्राला तिथलं उत्पन्न लागतं, गरिबीरेषेच्या सव्वापट तरी. आणि राहणारा तिथलाच हवा. तो कायमचा इकडे आला तर माझी फाइलच बसेल."

हे तिनं अगदी बरोबर सांगितलं, आणि या सगळ्या कारभारातलं मला सगळ्यात टोचतं ते हेच. तुम्ही खरंच नवरा-बायको आहात हे दाखवा म्हणणारा कायदा नवऱ्याला सांगतो, तू मात्र तिकडेच राहा. ते हमीपत्रही साधं नाही. ती नागरिक होईपर्यंत, किंवा तिच्या खात्यावर कामाच्या चाळीस तिमाह्या जमेपर्यंत, तिच्या पोटापाण्याची जबाबदारी त्याच्यावर राहते. घटस्फोट झाला तरी ती सुटत नाही. सप्तपदीहून पक्कं बांधणारा कागद तो तिच्यासाठी सही करतोय, हेही मी तिला सांगितलं, कारण तिच्या रागात त्याची ही बाजू हरवत चालली होती.

"कायमचा ये, असं मी म्हणतच नाही," मी म्हटलं. "घर तिकडेच ठेवून, नोकरी चालू ठेवून माणूस दोन-तीन महिने येऊ शकतो. लॅपटॉपवरचं काम आहे त्याचं. येऊ शकतो का, असं त्याला तू विचारलंस?"

"नाही."

"का?"

बराच वेळ ती बोलली नाही. मग म्हणाली, "नांदायला मीच जाणार, हे धरलेलंच होतं. त्यानंही, मीही. कुणी कुणाला विचारलंच नाही. त्याची आई म्हणाली टुरिस्ट व्हिसावर ये, तो म्हणाला बघ जमतंय का, आणि मी वकिलांचे व्हिडिओ बघत बसले."

"म्हणजे वाट तू बघायची, निघायचंही तू, आणि लपवायचं असेल तर तेही तूच."

"त्याला असं नाही वाटत गं. त्याच्या लक्षातच आलं नसेल."

"नसेल आलं. म्हणून तर सांगायचं."

ती उठून खिडकीशी गेली, परत आली. "समज, मी खरोखर महिनाभरासाठी गेले. परतीचं तिकीट, ऑफिसचं रजेचं पत्र घेऊन. अर्ज चालू असताना भेटायला जायला बंदी नाहीये."

"नाही. ते परत पाठवू शकतात, तो धोका आहे. पण विचारलं तर सगळं सांगता येईल तुला. जा की."

"आणि तिथं गेल्यावर परत यावंसं वाटलंच नाही तर? मन बदलू शकतं माणसाचं."

"बदलू शकतं. त्यांचा कायदाही ते मान्य करतो. पण आज तुझं मन कुठं आहे, हे मला सांगू नकोस, आणि त्यांनाही. त्याला सांग."

तिनं घड्याळात पाहिलं. "साडेचारला त्याच्याकडे सकाळचे सात वाजतात. तेव्हा लावते फोन. आणि मावशी, नुसतं भेटायला ये, असं नाही म्हणणार. राहायला ये, म्हणणार आहे."