शुक्त आणि शुद्ध

सुरतेच्या स्वयंपाकघरांत ढोकळ्याचे पीठ रात्री आंबट ताकात भिजते व पहाटे फुगून वर येते. हे कार्य सूक्ष्म जीवांचे. पिठातील साखर खाऊन ते आम्ल व वायू निर्माण करतात. (वाफेत ते लक्षावधींनी मरतात, याची खंत कोणी करीत नाही, हे जाता जाता.) दूध आंबण्यामागेही सजीवच असतात, हे पाश्चरने १८५७ साली मांडले. मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात शुक्त, म्हणजे आंबलेले, अन्न वर्ज्य आहे. दह्याला मात्र मोकळीक. हा अपवाद मला नियमाहून शहाणा वाटतो. मग गोव्यात माडाच्या सुरेने फुगविलेला पाव खाणारा बाटला, असे आपण का मानले? मद्याचा आक्षेप घ्यावा, तर ते भट्टीत बहुतेक उडून जाते. आक्षेप खरोखर मळणाऱ्या हातावर होता; तो पिठावर ढकलणे सोपे गेले.