वाचून झालं की देतो

बँकेत बावीस वर्षं काढली की माणसाचा स्वभाव बदलतो म्हणतात. माझा एवढाच बदलला, की कुणी काही मागितलं तर मला आधी तारण दिसतं, मग माणूस. पुस्तकांच्या बाबतीत मात्र मी तारण घेत नाही, जामीन मागत नाही, अर्जाचा छापील नमुनासुद्धा ठेवलेला नाही. गृहस्थ येतात, चहा होतो, कपाटापुढे उभे राहून मान तिरकी करतात आणि म्हणतात, "हे नेऊ का हो? वाचून झालं की देतो."

या वाक्यात परतफेडीची तारीख नाही, हे चाणाक्ष वाचकांच्या लक्षात आलंच असेल. वाचून झालंच नाही, तर?

एरवी आपण किती चोख! वाटीभर साखर नेणारी शेजारीण चार दिवसांत वाटी परत करते, आणि रिकामी कशी द्यायची म्हणून तीत थोडी कोशिंबीर घालून आणते. पुस्तकातून कुणी कोशिंबीर परत आणलेली नाही. (हळदीची बोटं आलेली आहेत.) बँकेत हप्ता नव्वद दिवसांपेक्षा जास्त थकला की कर्ज अनुत्पादक ठरतं. हा नियम माझ्या कपाटाला लावला, तर मधला अख्खा खण बुडीत खाती जाईल. आणि गंमत अशी, की चोरासारखं वाटतं ते मागणाऱ्याला. न देणारा सोफ्यावर रेलून बसलेला असतो आणि आपण सतरंजीची दशी ओढत म्हणतो, "ते आपलं... ते पुस्तक... नाही, घाई नाही काही!"

पूर्वी पोथ्या नकलून काढणारे लोक शेवटी पोथीच्याच तोंडून एक विनवणी लिहून ठेवत: तेलापासून मला सांभाळ, पाण्यापासून सांभाळ, सैल बांधणीपासून सांभाळ आणि मूर्खाच्या हाती देऊ नकोस. पहिल्या तीन कलमांची तजवीज आम्ही खाकी कव्हर घालून करतो. चौथ्याची पंचाईत अशी, की मागायला बहुधा मेहुणा आलेला असतो.

मी कॉमर्सचा पदवीधर. नीतीचा प्रश्न पडला की गीतेच्या आधी कायद्याचं पुस्तक उघडायची खोड. मेकॉलेच्या मसुद्यावरून 1860 साली भारतीय दंड संहिता झाली. मेकॉले म्हणजे आम्हा कारकुनांचा मूळपुरुष. त्याच्याबद्दल मी वाईट बोलत नाही. तर त्या संहितेत चोरीच्या कलमाखाली एक उदाहरण आहे. मित्र घरी नसताना एकानं त्याच्या संग्रहातून न विचारता पुस्तक उचललं, नुसतं वाचायला आणि परत करायच्या इराद्यानं. मित्राची मनातून संमती असणारच, असं त्याला वाटत असेल, तर ही चोरी नव्हे. पुढं अपहाराच्या कलमात म्हटलंय, की तेच पुस्तक त्यानं विकून पैसे केले, तर मात्र गुन्हा. 1 जुलै 2024 पासून दंड संहिता जाऊन न्याय संहिता आली, पण हा मित्र आणि हे पुस्तक जसेच्या तसे तिथं मुक्कामाला गेले.

मला याचं फार अप्रूप वाटतं. इतका रुक्ष ग्रंथ, दरोडे-खुनांनी भरलेला, आणि त्यात दोन मित्रांचा एकमेकांवरचा हक्क गृहीत धरलाय! पण 'परत करायचा इरादा' किती वर्षं टिकला म्हणजे इरादा, हे काही त्यात सांगितलेलं नाही.

आणि त्या दोघांपैकी एक गेला, तर काय, हेही नाही. माझा एक मित्र गेल्या वर्षी गेला. त्यानं माझं 'बनगरवाडी' नेलं, त्याला अकरा वर्षं झाली होती. महिन्याभरानं भेटायला गेलो, तर वहिनी कपाट आवरत होत्या. "भावजी, यावर तुमचं नाव आहे," म्हणाल्या.

उघडून पाहिलं. पानोपानी त्याच्या पेन्सिलीच्या खुणा. कुठं रेघ, कुठं नुसतं 'वा!', एका समासात किराणा सामानाची यादी. कागद माझा, कव्हर माझं, पण ते 'वा!' कुणाच्या खात्यावर टाकायचं? मालमत्ता माझी म्हणून उचलावी, तर त्या घरातलं त्याचं अक्षर उचलल्यासारखं. ठेवावी, तर वहिनींना वाटणार, मी उपकार करतोय. मी तसाच बसून राहिलो. चहा आला, गार झाला.

शेवटी वहिनीच म्हणाल्या, "असं करा, घेऊन जा. वाचा. पण परत आणून द्या हं. त्यांच्या खुणा आहेत त्यात."

"वाचून झालं की देतो," मी म्हणालो.

रोज दोन-तीन पानांच्या वर जात नाही. एका खुणेपाशी थांबलो, की त्याला नेमकं काय आवडलं असेल, याचाच विचार करत बसतो. काल वहिनींचा फोन येऊन गेला. पुस्तकाचं काही बोलल्या नाहीत, म्हणाल्या, "सहज केला. घाई नाही काही."