मलमपट्टीच्या पुढे



८ फेब्रुवारी हा संत जोसेफिन बखिता यांचा स्मरणदिन. सुदानमध्ये बालपणी पळवून विकलेल्या या मुलीला धास्तीने स्वतःचे नावही आठवेना. अशी मुले आपल्या सीपीआरमध्ये किंवा गल्लीतल्या दवाखान्यातही येऊ शकतात. सोबतचा माणूसच सारी उत्तरे देतो, मुलाला पत्ता सांगता येत नाही, जखमेची हकिकत जुळत नाही. आपल्यातील डॉक्टर, परिचारिकांनी अशा वेळी मुलाशी एकांतात, मायेने बोलावे. त्या माणसाला तिथेच जाब विचारू नये. त्याचा राग मुलावर निघतो. १०९८ वर कळवावे. १८ वर्षांखालील मुलावर लैंगिक अत्याचाराचा संशय असेल, तर २०१२ च्या पॉक्सो कायद्याने पोलिसांना कळवणे बंधनकारकच आहे.

दयाळू शोमरोनीने जखमा बांधल्या आणि जखमीला सुरक्षित उतारशाळेतही पोहोचवले. आपणही मलमपट्टीवर थांबू नये.

आमेन.