बंपर पाहिला, मान कोण पाहणार?

हातखंबा तिठ्यावर मुंबई-गोवा महामार्गाला रत्नागिरी-कोल्हापूर रस्ता मिळतो. इथल्या उतारावर टँकर उलटला की बातमी होते. वाहनांची रांग मुंगीच्या पावलांनी सरकताना मागच्या गाडीने दिलेली धडक मात्र कुणाच्या खिजगणतीत नसते. दोघे उतरतात, वाकून बंपर पाहतात. 'काही झालं नाही हो, मिटवून टाकू.' पाचशेची नोट पुढे होते, मागचे हॉर्न कोकलू लागतात, प्रकरण संपते.

ती धडक रिक्षाला बसली असेल तर? मागच्या सीटवर डोके टेकायला काही नसते. पाठ सीटबरोबर पुढे ढकलली जाते, डोके क्षणभर मागेच राहते आणि मान ताणली जाते. माणूस तेव्हा उठून चालूही लागतो. मान धरते ती बहुधा दुसऱ्या दिवशी, आणि एक्स-रेत हाड शाबूत दिसते. रिक्षात बसलेली बाई डोक्यावर पाटी घेऊन मासे विकणारी असेल, तर धंदा बंद. पुरावा काय, तर तिचा शब्द.

या शब्दाची किंमत खोट्यांनी घालवली आहे. उत्तर प्रदेशात बनावट अपघात दाव्यांच्या तपासासाठी 2015 मध्ये विशेष पथक नेमावे लागले. न दुखणाऱ्या मानेला पट्टा बांधून कोर्टात बसणारा फक्त विमा कंपनीला फसवत नाही. खरोखर दुखणाऱ्या पुढच्या माणसाकडेही संशयानेच पाहिले जाईल, अशी सोय करून ठेवतो. खऱ्या जखमीबद्दल मात्र सर्वोच्च न्यायालयाने 2010 मध्ये राजकुमार विरुद्ध अजय कुमार या खटल्यात सांगितले की, कायमच्या अपंगत्वाचे नुसते टक्के मोजू नका, त्याने त्या माणसाच्या कमाईचे काय झाले ते पाहा. कारकुनाची मान आणि पाटीवालीची मान एका मापाने मोजता येत नाही, इतकी साधी गोष्ट आहे ही.

धडक देणारा पळ का काढतो? पुष्कळदा 'नो क्लेम बोनस जाईल' या धास्तीने. पण तो बोनस स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या विम्यावर असतो. समोरच्या जखमीने मागितलेल्या भरपाईने तो जात नाही. म्हणजे जे बुडणारच नव्हते, ते वाचवायला आपण माणूस रस्त्यात सोडतो! जखमीला उपचार मिळवून देणे ही मोटार वाहन कायद्याच्या कलम 134 नुसार चालकाची जबाबदारीच आहे.

तेव्हा तिठ्यावर कुणाला ठोकलेच, तर आधी आत बसलेल्यांची विचारपूस करा. आपला फोन नंबर आणि विम्याचा तपशील द्या. 'काही तक्रार नाही' असे जागच्या जागी लिहून घेऊ नका. ज्याला लागले त्याने दुखते तेवढेच सांगावे, पण डॉक्टरांच्या कागदावर लगेच नोंद करून घ्यावी. मोटार वाहन कायद्यातील 1 एप्रिल 2022 पासून लागू झालेल्या दुरुस्तीने दाव्यासाठी अपघातापासून सहाच महिने ठेवले आहेत.