संस्था, वचन आणि गुंठा

समाजाच्या आर्थिक व सामाजिक विकासात संस्थांचा वाटा कोणता, हा प्रश्न सामान्यतः अर्थशास्त्राकडे सोपवला जातो. डग्लस नॉर्थ यांनी १९९० मध्ये संस्था म्हणजे समाजव्यवहाराचे नियम आणि संघटना म्हणजे त्या नियमांनी खेळणारे खेळाडू असा भेद मांडला. मराठीत मात्र ‘संस्था’ हा एकच शब्द आपण दोन्ही अर्थांनी वापरतो. या संदिग्धतेमागे एक नैतिक प्रश्न दडलेला आहे : खेळाडू मैदान सोडून गेला, तर त्याने दिलेल्या वचनाचे काय होते? पवनाकाठच्या थेरगावच्या संदर्भात तो तपासून पाहण्यासारखा आहे.

त्रिंबक नारायण आत्रे यांनी ‘गावगाडा’मध्ये (१९१५) ज्या ग्रामव्यवस्थेचे विवेचन केले, ती वतन आणि बलुते यांवर उभी होती. तेथे हक्क व कर्तव्य जन्मानेच ठरत. व्यवस्थेला सातत्य होते, पण त्या सातत्याची किंमत खालच्या पायरीवरचे लोक मोजत होते. १९५८ च्या कायद्याने महार वतनासह कनिष्ठ ग्रामवतने रद्द झाली. १९६२ च्या कायद्याने पाटीलकीचे वतन गेले. त्याच वर्षी, १ ऑगस्ट रोजी, महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले. पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना १९५४ पासूनच होता. साठच्या दशकात बजाज ऑटो आणि टेल्को यांची भर पडली. जन्माऐवजी कौशल्य, बलुत्याऐवजी वेतन आणि भविष्यनिर्वाह निधी, हा नव्या संस्थांचा करार होता. जात त्यामुळे नाहीशी झाली नाही. परंतु गावाबाहेर उभे राहण्यास एक जागा निर्माण झाली, हे नाकारता येणार नाही.

कामगार आला की घराचा प्रश्न येतो. त्यासाठी १९६६ च्या प्रादेशिक व नगररचना अधिनियमान्वये १९७२ मध्ये पिंपरी-चिंचवड नवनगर विकास प्राधिकरण स्थापन झाले आणि थेरगावच्या काही जमिनी त्याच्या क्षेत्रात आल्या. जे. एल. ऑस्टिन यांनी दाखवल्याप्रमाणे काही वाक्ये वस्तुस्थितीचे वर्णन न करता ती घडवतात. राजपत्रातील अधिसूचना हे तसे वाक्य होय. ते उच्चारले जाताच शेत ‘आरक्षित’ होते, मग त्यात त्या दिवशी ज्वारी उभी असली तरी. या वाक्यात दोन वचने अध्याहृत होती : जमीन देणाऱ्याला नव्या नगरात न्याय्य वाटा आणि श्रमिकाला परवडणारे घर.

निगडी-आकुर्डीच्या आखीव पेठा पाहिल्या, तर दुसरे वचन अंशतः पाळले गेले असे म्हणावे लागते. परंतु कारखान्यांची गती आणि घरांची गती यांत मोठे अंतर राहिले. त्या अंतरातून गुंठेवारी जन्मास आली. संपादनाची टांगती तलवार असलेला शेतकरी गुंठ्यागुंठ्याने जमीन विकू लागला. कामगाराने एक-अर्धा गुंठा घेऊन घर बांधले. शेतीचे तुकडे पडू नयेत यासाठी केलेला १९४७ चा तुकडेबंदी कायदा अशा व्यवहारांच्या रीतसर नोंदणीच्या आड येत होता. म्हणून विश्वास मुद्रांकाच्या कागदावर विसावला. शेतीच्या रक्षणार्थ केलेला नियम शेती संपलेल्या भूमीवर घराला अवैध ठरवू लागला.

येथे भाषेचे कार्य लक्षात घेण्याजोगे आहे. ‘अनधिकृत’ हे विशेषण घराला लागते. विलंबाला असे कोणतेही विशेषण शासकीय भाषेत नाही. २००१ मध्ये गुंठेवारी नियमित करण्याचा कायदा झाला. २००८ नंतरच्या अनधिकृत बांधकामांवर मालमत्ताकराच्या दुप्पट ‘शास्ती’ बसवण्याची तरतूद आली. २०२३ मध्ये पिंपरी-चिंचवडपुरती थकीत शास्ती माफ झाली. एकच घर क्षम्य, दंडनीय आणि पुन्हा क्षम्य ठरले. त्याच्या विटा मात्र त्याच राहिल्या. संस्थेने या रहिवाशाला करदाता म्हणून ओळखले, मालक म्हणून ओळखण्यास ती कचरली.

यावर एक गंभीर आक्षेप संभवतो. प्रत्येक उल्लंघन नियमित होऊ लागले, तर रीतसर अर्ज करून थांबून राहिलेल्या माणसावर अन्याय होतो आणि रस्त्याची, शाळेची जागा कायमची जाते. शिवाय गुंठे विकणारा प्रत्येक जण निरागस होता असेही नाही. हा आक्षेप खरा आहे. परंतु नियमाचे नैतिक बळ परस्परतेतून येते. ज्याने ठरलेल्या काळात आपला शब्द पाळला नाही, त्याला प्रतीक्षा न करणाऱ्याला जाब विचारता येईल. पण केवळ त्यालाच जाब विचारता येणार नाही.

२०२१ मध्ये प्राधिकरणाचे विसर्जन झाले. त्याचे क्षेत्र व मालमत्ता पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरण आणि पिंपरी-चिंचवड महापालिका यांच्यात वाटली गेली. मात्र १९७२ ते १९८३ या काळात ज्यांची जमीन संपादित झाली, त्यांची साडेबारा टक्के परताव्याची मागणी विसर्जनानंतरही चालूच राहिली. भूखंडांचा वारस ठरवणे सोपे असते. शब्दाचा वारस ठरवणे कठीण असते. व्यक्तीच्या बाबतीत आपण वारशाबरोबर ऋणही येते असे मानतो. संघटना बदलली तरी नियमाची बांधिलकी उरते असे जर नॉर्थ यांचा भेद सुचवत असेल, तर ज्याच्याकडे जमीन गेली त्याच्याकडे ते ऋणही जावयास हवे.

संस्थांनी थेरगावचा विकास केला की नाही, या प्रश्नाचे उत्तर रस्त्यांची रुंदी किंवा कारखान्यांची संख्या मोजून पुरे होत नाही. वचन आणि पूर्ती यांमध्ये किती काळ गेला, आणि त्या काळाचा भार कोणी वाहिला, हेही मोजावे लागते. थेरगावात तो भार शेत गमावलेल्याने आणि गुंठ्यावर घर बांधणाऱ्याने वाहिला. ज्या विकासाच्या हिशोबात या भाराला रकाना नाही, तो हिशोब अपुरा मानला पाहिजे.