पुरलेल्या नाण्याचा धनी

मेटल डिटेक्टर चालवायला शिकणे म्हणजे बरेचसे कान तयार करणे. तबकडी जमिनीलगत सपाट धरून सावकाश फिरवायची. खिळा, बाटलीचे बूच आणि चांदी यांच्या आवाजांतला फरक ओळखायचा. नाशिकच्या बेसाल्टच्या जमिनीत लोहखनिजाचे कण असतात, त्यामुळे यंत्र उगाच कुरकुरते. ते आधी मातीशी जुळवून घ्यावे लागते. पण खाली नाणे आहे हे कळल्याने ते आपले होते का? माझ्या मते, सापडलेल्या नाण्याची राखण आपल्याकडे येते, मालकी येत नाही.

यावर पहिला आक्षेप असा की, धनी कधीच मेला, मग चोरी कोणाची? त्याला बौद्ध आधारही देता येईल. न दिलेले घेऊ नये असे व्रत असलेल्या भिक्षूंनाही टाकून दिलेल्या चिंध्यांचे पांसुकूल चीवर चालत असे. पण चिंधी टाकलेली असते. गोदावरीच्या रामकुंडात सोडलेल्या नाण्यावरचा हक्कही देणाऱ्याने स्वखुशीने सोडलेला असतो. मडक्यात घालून पुरलेले धन मात्र परत काढण्यासाठीच ठेवलेले असते. ठेवणारा परतला नाही, एवढ्याने त्याने त्याग केला असे होत नाही. वारस उरला नसेल, तर ती ठेव सगळ्या समाजाची.

ठेव कशी सांभाळावी हे नाशिकच्या पांडवलेण्यांतच कोरलेले आहे. क्षत्रप राजा नहपान याचा जावई उषवदात याने गोवर्धनच्या विणकरांच्या श्रेणींकडे ३,००० कार्षापण नाणी ठेवली: मुद्दल कायम राहावे, भिक्षूंनी फक्त व्याज वापरावे. त्याच नहपानाची सुमारे १३,२५० चांदीची नाणी १९०६ साली जोगलटेंभीला सापडली आणि त्यांतल्या नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा उमटवलेला होता. सत्ता कोणाकडून कोणाकडे गेली, हे त्या एकत्र ढिगाने सांगितले. सुटी विकली असती तर प्रत्येक नाण्याची चांदी तेवढीच राहिली असती, पण हे प्रमाण कोणालाच मोजता आले नसते. नाण्यांचे ज्ञान हे मुद्दल, आणि ते शेजारच्या नाण्यांत, मातीच्या थरात, खोलीत असते. घाईने मारलेल्या एका कुदळीत ते संपते.

पुरलेली मडकी नांगराने तशीही फुटतील, हा दुसरा आक्षेप मला खरोखर वजनदार वाटतो. म्हणूनच सापडले तर गप्प बसू नये. १८७८च्या निखात निधी कायद्याप्रमाणे दहा रुपयांहून अधिक किमतीचा ठेवा जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावा लागतो. लपवणाऱ्याचा हिस्सा जातो आणि कैदही होऊ शकते. शिवाय नाणी वाचणारे दूर नाहीत. अंजनेरीला १९८० पासून नाणकशास्त्राची संशोधन संस्था आहे. यंत्र शिकणाऱ्याने तबकडीआधी वही हाती घ्यावी: जागा, खोली, सोबत काय होते. आणि आवाज एकाहून अधिक नाण्यांचा वाटला, तर खणणे तिथेच थांबवावे.