परीक्षेच्या तीन तासांपलीकडचा आजार

सत्र संपत आले की महाविद्यालयाच्या सूचनाफलकावर डिफॉल्टर लिस्ट लागते. रोल नंबर, विषय आणि समोर हजेरीची टक्केवारी: ६१, ५८, ६९. तास बुडवून कट्ट्यावर बसलेला मुलगा आणि रक्त चढवून घ्यायला जिल्हा रुग्णालयात गेलेली मुलगी, दोघांची नोंद एकाच रकान्यात होते. पुढची वाटही दोघांना एकच: पालकांना घेऊन या, हमीपत्र द्या, मेडिकल सर्टिफिकेट जोडा.

थॅलेसेमिया असलेल्या त्या मुलीचा हिशेब एकदा मांडून पाहावा. सत्र साधारण ९० दिवसांचे. ७५ टक्के हजेरीची अट धरली तर गैरहजेरीला २२ दिवस उरतात. दर तीन आठवड्यांनी रक्त, म्हणजे सत्रात पाच-सहा वेळा. गाव आडबाजूला असेल तर जाण्यायेण्यासह दर वेळी दोन दिवस मोडतात. दहा-बारा दिवस इथेच गेले. रक्ताची तारीख जवळ येते तसे हिमोग्लोबिन उतरते, दुसऱ्या मजल्यावरच्या वर्गापर्यंत जाताना धाप लागते. ते दिवस यात धरलेलेच नाहीत. साधा ताप आणि चुकलेली एसटी तर सगळ्यांसारखी तिच्याही वाट्याला येणारच.

निदान तिच्या तारखा आधी ठाऊक असतात. विदर्भात आणि नंदुरबारकडे अनेक घरांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेल्या सिकलसेलमध्ये तेवढीही सोय नाही. थंडी, दगदग, संसर्ग, पाणी कमी पिणे, कशाचेही निमित्त होते. तांबड्या पेशी विळ्यासारख्या होऊन बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि हाडे ठणकू लागतात. रात्री जर्नल पुरे करत बसलेल्या मुलाला सकाळी अंथरुणातून उठवत नाही. चार दिवसांनी तो वर्गात येतो तेव्हा चांगला धडधाकट दिसतो, आणि तेच त्याला भोवते.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने हे दोन्ही आजार दिव्यांगत्वाच्या २१ प्रकारांत घेतले, मानसिक आजारही घेतला. संस्थेवर अवाजवी बोजा न पडता करता येण्याजोगा आवश्यक बदल नाकारणे हा भेदभाव आहे, असेही त्यात म्हटले आहे. परीक्षेपुरते आपण हे बऱ्यापैकी अंगी बाणवले: ताशी किमान २० मिनिटे जादा वेळ, गरजेप्रमाणे लेखनिक. पण हजेरी कमी म्हणून परीक्षेला बसूच दिले नाही, तर ही वीस मिनिटे कुठल्या पेपरला मिळणार? आजार सत्रभर सोबत असतो, सवलत मात्र शेवटच्या तीन तासांत मिळते. माझा आक्षेप नेमका इथे आहे.

‘सवलत दिली की सगळेच मागतील’ ही भीती प्राध्यापकांच्या खोलीत नेहमी ऐकू येते. विकास कुमार विरुद्ध केंद्रीय लोकसेवा आयोग या खटल्यात ती सर्वोच्च न्यायालयापुढेही मांडली गेली होती. फेब्रुवारी २०२१ च्या निकालात न्यायालयाने ती मान्य केली नाही. ४० टक्के दिव्यांगत्वाच्या प्रमाणपत्राअभावी लेखनिक नाकारता येणार नाही आणि कोणाला काय लागते ते त्या व्यक्तीशी बोलून ठरवावे, असे त्या निकालात आहे. बोलून ठरवणे हे मला यातले सर्वांत मोलाचे वाटते. आज विद्यार्थी बोलतो तो खिडकीपलीकडच्या कारकुनाशी, मागे रांग उभी असताना. नैराश्यावर उपचार घेणारी मुलगी तिथे आपली फाईल उघडत नाही. ती अनुत्तीर्ण होणे पत्करते.

हे बोलणे जून-जुलैत, प्रवेशाच्या वेळी, दार लावून व्हायला हवे. न आल्याचे कसे कळवायचे, प्रॅक्टिकल दुसऱ्या बॅचबरोबर कधी करायचे, सबमिशनला किती दिवस वाढवून मिळतील, हे तेव्हाच कागदावर यावे. जमेल तेव्हा दे, असे म्हणणारे शिक्षक मनाने चांगले असतात, पण त्यातून पाच विषयांची जर्नल्स सत्राच्या शेवटच्या आठवड्यात एकदम अंगावर येतात. मुदत वाढवावी, तारीख मात्र ठरलेली असावी. प्रयोगशाळेत हाताने करायचे काम माफ करू नये, असेही मला ठामपणे वाटते. ते शिकायलाच तर ती मुले आलेली असतात.

अडचण आहे ती शिक्षकांची. वेगळ्या बॅचचे प्रॅक्टिकल आणि चुकलेली चाचणी घेणार कोण? अनेक महाविद्यालयांत पदे रिकामी आहेत आणि तासिका तत्त्वावरचे शिक्षक वर्ग सांभाळत आहेत. त्यांना घेतलेल्या तासाचेच पैसे मिळतात. एका विद्यार्थ्यासाठी घेतलेले प्रॅक्टिकल जोवर त्यांच्या कार्यभारात मोजले जात नाही आणि त्याचे मानधन निघत नाही, तोवर प्राचार्यांनी मंजूर केलेला अर्जही विभागात येऊन अडतो. दिव्यांग विद्यार्थ्यांसाठीची तरतूद मांडताना रॅम्प आणि लिफ्टच्या शेजारी या तासांचीही रक्कम धरली पाहिजे.